सुईच्या टोकाचा थेंब

अर्धी भांडी तशीच सोडून वन्सं एक ताट उजेडाकडे धरून उभ्या राहिल्या. पाणी ताटभर पसरायचं सोडून मणी-मणी होऊन बसलं होतं.

"शी! तेल आहे अजून. वहिनी, हे देवापुढे ठेवणार होतात?"

वन्संना तेलकटपणाची शिसारी साहजिकच. वीस वर्षं त्या प्रयोगशाळेत थेंब टांगतात. सुईच्या टोकाला पाण्याचा थेंब लोंबकळवायचा, हलका हादरा द्यायचा आणि तो सेकंदाला किती वेळा लांबट-गोल होतो ते कॅमेऱ्याने मोजायचं. चोख पाण्याची कातडी ताठ असते, थेंब झरझर थरथरतो. जरा ओशटपणा लागला की कातडी सैल पडते. थेंब पेंगुळल्यासारखा डुलतो आणि लगेच गप्प होतो.

तीन महिने थेंब डुलतच होता. साहेबांनी सांगून टाकलं, बाई सुया नीट धूत नाहीत. सोमवारपासून त्यांना सामानाच्या खोलीत बसवा. वन्संनी सुया उकळून उकळून हात सोलवटून घेतले, तरी तेच.

आज दुपारी मात्र त्यांनी पाहिलं. तीन महिन्यांपासून थेंब साहेब स्वतःच टांगत होते, वन्संकडे फक्त सुया धुणं उरलं होतं. आज साहेबांनी करंगळी कानात घातली, डोळे मिटून चांगली फिरवली, आणि त्याच करंगळीने सुईच्या टोकाचा पहिला, जास्तीचा थेंब टिपून घेतला. वन्सं पुढे झाल्या.

"साहेब, नवी सुई लावते. कुणी हात लावायचा नाही."

थेंब झरझर थरथरला.

"आता तुमच्या पद्धतीने टिपा."

पुढचा थेंब डुलला आणि गप्प झाला.

"तीन महिने आपण तुमचा कान मोजतोय, साहेब."

"बाई, सभ्यपणे बोला!"

"सभ्यपणेच बोलले. मळ म्हणाले का?"

साहेबांनी करंगळी पँटला पुसली. बदली रद्द झाली, पण माफीचं नाव नाही. उलट म्हणाले, "जुने आकडे जरासे सुधारून घेऊ."

"घाणीत काय सुधारायचं? सोमवारपासून सगळं नव्याने मोजायचं."

वन्संच्या तोंडून एवढं ऐकून वहिनींनी तोंडाला पदर लावला. "देवा रे! आज मला जेवण जाणार नाही."

"मी तीन महिने त्याच टेबलाशी बसून डबा खाल्ला, त्याचं काय?" वन्संनी ताट तिसऱ्यांदा घासलं. आता पाणी सरळ पसरलं. हात पुसून त्यांनी पिशवी उचलली आणि साहेबांसाठी रबरी हातमोज्यांचा खोका आणायला निघाल्या.