मिरजेच्या वहिनी आणि तो सिनेमा

"तुम्ही स्वतः पाहिलंत का?"

कुणाबद्दल काहीही सांगायला गेलं की मिरजेच्या वहिनी एवढंच विचारायच्या. हातातलं काम थांबवायच्या आणि उत्तर मिळेपर्यंत पुन्हा सुरू करायच्या नाहीत. आता तुम्हीच सांगा, प्रत्येक गोष्ट स्वतः पाहायची म्हटलं तर शेजारणींनी एकमेकींशी बोलायचं तरी काय?

जयपूरला प्रताप नगरात आमची दहा-बारा मराठी घरं होती. सगळी बदलीवर आलेली, कुणी बँकेत, कुणी विम्यात, कुणी रेल्वेत. आडनावापेक्षा गावावरून ओळखायची पद्धत. मी अकोल्याची, त्या मिरजेच्या. त्यांचे यजमान रेल्वेत होते, त्यांना आम्ही साहेब म्हणायचो. 'आई, भैया आला, मतलब दूधवाला' असं बोलणाऱ्या आमच्या पोरांना ते दर रविवारी घरी बसवून मराठी वाचायला शिकवायचे. फी नाही, काही नाही. त्या वर्गात त्यांचा जीव होता.

वर्ग सुटला की शास्त्री नगरहून त्यांचे एक तिथलेच, हिंदी बोलणारे मित्र यायचे, शाळेत शिकवणारे, अविवाहित. आम्ही त्यांना मास्तरजी म्हणायचो. जेवायचे, बुद्धिबळ खेळायचे, संध्याकाळी जायचे. चार वर्षं हे चाललं होतं आणि कुणाच्या मनात काही आलं नव्हतं.

मग तो सिनेमा आला. आमच्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरींनी पेपरात 'एका मराठी कुटुंबाची कथा' एवढंच वाचलं आणि धडाधड तिकिटं काढली. परमुलखात राहणाऱ्या मराठी माणसाला पडद्यावर आपल्यासारखं देवघर दिसलं तरी भरून येतं. शनिवारी दुपारी आम्ही सासवांसकट दोन रांगा भरून बसलो. गोष्ट होती नवऱ्याची, बायकोची आणि नवऱ्याचं ज्याच्यावर प्रेम आहे त्या पुरुषाची. हे आमच्या ध्यानात यायला पाऊण तास लागला.

ध्यानात आल्यावर मात्र आमच्या रांगेत एकाएकी सगळ्यांना खोकला झाला. मागची पोरं शिट्ट्या मारायला लागली. एक काकू मध्यंतरात समोसा घेऊन जी बाहेर गेली ती परत आलीच नाही. माझ्या सासूबाई तेवढ्या मन लावून पाहत होत्या. "मग त्या बायकोनं आता जायचं कुठं?" असं त्यांनी मला दोनदा विचारलं आणि मी दोनदा त्यांना गप्प केलं.

पुढे पडद्यावरची बायको नवऱ्याला विचारते, कधीपासून? थिएटर खदखदून हसलं. माझ्या शेजारी बसलेल्या वहिनी मागे वळून मोठ्यानं म्हणाल्या, "इसमें हँसने का क्या है?"

शिट्ट्या थांबल्या. आमची रांग मात्र पडदा सोडून वहिनींकडे बघायला लागली.

परतताना रिक्षात एकच विषय. वहिनींना एवढं का लागलं? मग मास्तरजी आठवले, बुद्धिबळ आठवलं, चार वर्षांतला एकेक रविवार आठवला. संशयाचं एकदा सुरू झालं की घरदार सुटत नाही. माझा नवरा महिन्यातून एकदा मित्राबरोबर कानोत्याच्या धरणावर जायचा. एरवी मला त्याचा राग यायचा. त्या आठवड्यात मी त्याचा मोबाइल तपासला.

छडा लावायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं. सिनेमाच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी दुपारी वाटीत शिरा घेऊन त्यांच्याकडे न सांगता गेले. मास्तरजी मटार सोलत होते. साहेब पोरांच्या वह्या तपासत होते. वहिनी पेपर वाचत होत्या. त्यांनी वाटी घेतली आणि शांतपणे म्हणाल्या, "तिन्ही खोल्या उघड्या आहेत. बघून घ्या." मी हसण्यावारी नेलं, पण कान तापले होते.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत साहेबांचा वर्ग 'काही दिवस' बंद ठेवायचं ठरत होतं. कारण कुणी उच्चारत नव्हतं. मुलांच्या परीक्षा आहेत, ऊन फार आहे, असलं चाललं होतं. वहिनी उठल्या आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही आमच्याकडे येऊन गेलात. जे पाहिलंत तेवढंच सांगा."

मटार आणि वह्या, एवढंच तर सांगायचं होतं. सगळ्या जणी माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणाले, "मी घाईत होते हो, माझं लक्ष नव्हतं."

याची लाज मला आजही वाटते. वर्ग बंद झाला. मास्तरजींनी येणं सोडलं. साहेब खाली मान घालून ऑफिसला जायला लागले आणि चार महिन्यांत त्यांनी बदली मागून घेतली.

स्टेशनवर मी गेले ते मनाला खात होतं म्हणून. मंडळातले आणखी पाच-सहा जण आले होते, निरोप द्यायला असं म्हणत. मास्तरजी लांब, पाण्याच्या नळापाशी उभे होते. साहेब डब्यात खिडकीशी बसले होते, त्यांनी मान वर केली नाही. वहिनी खाली उतरल्या, सगळ्यांदेखत मास्तरजींना हाक मारली. "मास्टरजी, अंदर जाके बैठिए. दस मिनट हैं अभी."

ते आत गेले. मंडळींच्या माना उंचावल्या. वहिनी त्या खिडकीला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि मला लिंबाच्या लोणच्याची कृती सांगायला लागल्या. मिठाचं प्रमाण, उन्हात किती दिवस, सगळं सविस्तर. माझी नजर त्यांच्या खांद्यावरून आत गेली. साहेबांचा हात मास्तरजींनी दोन्ही हातांत धरला होता आणि दोघंही रडत होते.

"इकडे बघा," वहिनी म्हणाल्या. "माझ्याकडे."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना सगळं ठाऊक होतं, कधीपासून कोण जाणे. त्यांचेही डोळे भरले होते, पण लोणच्याची कृती काही थांबली नाही.

गाडीची शिट्टी झाली तरी त्या जागच्या हलल्या नाहीत. मास्तरजी खाली उतरले, त्यानंतरच त्या वर चढल्या.