मार्टिनच्या फाइलवरची सही

डॉ. वृंदा सबनीस आयर्लंडमधल्या वॉटरफोर्डला मनोविकारतज्ज्ञ आहे. पुण्यात तिची आई मात्र ‘मेंदूची डॉक्टर’ म्हणून सांगते. वेड्यांची म्हटलं तर धाकटीचं लग्न अडेल ना!

मागच्या हिवाळ्यात तिच्या टेबलावर मार्टिनची फाइल आली. मार्टिन ट्रॅव्हलर जमातीचा. हे पूर्वीचे फिरस्ते, आता गावाबाहेरच्या सरकारी तळावर कॅराव्हॅनमध्ये राहणारे. त्यांच्यात आत्महत्या बाकी देशाच्या कित्येक पट. त्यावर उपाय म्हणून एका समितीने बारा पानांचं सुरेख पत्रक काढलं होतं: ‘मनातलं बोला’. मार्टिनला वाचता येत नव्हतं, हा अर्थातच मार्टिनचा दोष. अपॉइंटमेंटची दोन पत्रंही त्याला रीतसर गेली होती. तो आला नाही, म्हणून शेरा पडला: ‘पेशंटला उपचारात रस नाही’. फाइल बंद करायला वृंदाची सही तेवढी बाकी होती.

तिने सही न करता फोन लावला. विभागात ही पद्धत फारशी रूढ नव्हती.

“पत्रं ड्रॉवरमध्ये पडलीत,” मार्टिनची बायको नोरा म्हणाली. “कोर्टाची वाटली, म्हणून उघडलीच नाहीत. दीड वर्षात त्याच्या दोन भावांनी जीव दिला, डॉक्टर. आता हा जेवत नाही.”

वृंदा तळावर निघाली. आधी तिला धोक्याचा फॉर्म भरावा लागला. तिथे जाण्यात डॉक्टरला किती धोका आहे, याचे चौदा प्रश्न. मार्टिनला किती, यासाठी रकाना नव्हता.

मार्टिन पायरीवर बसला होता. “ग्रँड आहे मी,” तो म्हणाला, म्हणजे अगदी मजेत. आयर्लंडमध्ये पाय मोडलेला माणूसही ग्रँडच असतो.

“मार्टिन, जीव द्यायचा विचार येतो का तुमच्या मनात?” वृंदाने सरळ विचारलं.

त्याने पाठीमागचं दार ओढून घेतलं. मग म्हणाला, “रोज. पण असं कुणी विचारलं नव्हतं.”

त्या दिवशी ती त्याला आणि नोराला स्वतःच्या गाडीतून हॉस्पिटलात घेऊन गेली. तीन आठवड्यांनी तो घरी आला. तेव्हापासून दर बुधवारी वृंदा तळावरच्या हॉलमध्ये बसते. ईस्टरपर्यंत अकरा पुरुष येऊ लागले, प्रत्येकजण फक्त मित्राला सोबत म्हणून. वार्षिक अहवालात लिहिलं गेलं, ‘समितीच्या पत्रकाला उत्साहवर्धक प्रतिसाद’.

परवा मार्टिन थोरल्या मुलीला गाडी शिकवत होता. तिने ती फाटकाला ठोकली. कितीतरी महिन्यांनी तो असा दहा मिनिटं मनापासून ओरडत राहिला, आणि नोरा दारात उभी राहून ते शांतपणे ऐकत होती.