तनुजाच्या नावावर गेलेला माल

चाकणच्या त्या लहानशा कंपनीत रंगराव मास्तरांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. एकवीस वर्षं पत्र्याला भोकं पाडणाऱ्या प्रेसवर काढलेला माणूस. आता नव्या पोरापोरींना शिकवायचं काम त्यांच्याकडं होतं.

"खरं बोला म्हणून भिंतीवर पाटी लावून काय व्हतंय? हाताला सवय लागाय पायजे," असं म्हणून ते लाल पेटीकडं बोट दाखवायचे. बिघडलेला माल त्या पेटीत जायचा. ज्याचा पीस बिघडला त्यानंच त्यावर खडूनं नाव लिहायचं, सगळ्यांसमोर 'हा माझा' म्हणायचं आणि पेटीत टाकायचा. पहिल्या आठवड्यात पोरं लाजेनं माना खाली घालत. एखादा पीस खिशातसुद्धा जाई. महिन्याभरात भीड चेपायची.

"मास्तर, ह्या संघर्षनं आज देवळाला सात फेऱ्या घातल्या!" असं ओरडून पोरं एकमेकांची टर उडवत; लाल पेटीचं नाव त्यांनी देऊळ ठेवलं होतं. मास्तरांना त्याचंच कौतुक.

त्या मंगळवारी चहाआधी मास्तरांनी शिकाऊ तनुजाच्या मशीनचं सेटिंग बदललं. सेटिंग बदललं की बदलणाऱ्यानं पहिला पीस मापाचा गेज लावून तपासायचा, हा त्यांचाच नियम. पण चहाची बेल झाली. मास्तरांनी नट आवळला आणि तसेच निघाले.

दुपारी कळलं, तनुजाच्या मशीनवरच्या दोनशे ब्रॅकेटची भोकं सरकलेली.

सुपरवायझर निरंजन तणतणत आला. "कुणी केलं हे? कस्टमरची गाडी गेटवर उभी आहे!"

मास्तरांना क्षणात उमगलं. तोंड उघडायला हवं होतं. पण दिवाळीनंतर त्यांची अठ्ठावन्न पुरी होणार होती आणि मुदतवाढीचा कागद निरंजनच्याच टेबलावर होता. मास्तर हातातला पाना पुसत राहिले.

तनुजा पुढं झाली. लातूरकडची, चिंचवडला मावशीकडं राहणारी एकोणीस वर्षांची पोर. "सर, मशीनवर मीच होते. माझंच चुकलं असेल."

तिनं खडू घेतला. एकेक ब्रॅकेट उचलायचा, नाव लिहायचं, टाकायचा. हा माझा. हा माझा. आज कुणी टर उडवली नाही. मास्तर दोन हात अंतरावर उभे होते. दर पिसाला थोबाडीत बसल्यासारखं होत होतं, तरी 'थांब' एवढा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही.

"हीच का तुमची हुशार पोरगी?" निरंजन म्हणाला. "उद्या आयकार्ड जमा कर गं. बास झालं ट्रेनिंग."

संध्याकाळी घरी यशोदाबाईंनी देवापुढं दिवा लावला. मास्तर हात जोडून बसले ते उठेचनात. बायकोनं खोदून विचारलं तेव्हा भिंतीकडं बघत सगळं सांगितलं. नवऱ्याला कधी उलट न बोलणारी बाई ती, काडेपेटी खाली ठेवून म्हणाली, "देवाला समदं ठावं हाय. ठावं न्हाई ते त्या लेकराला. हितं काय हात जोडताय?"



सकाळी तनुजा आयकार्ड हातात धरून आली. शिफ्ट सुरू व्हायची होती, सगळे जमले होते. मास्तर लाल पेटीशी जाऊन उभे राहिले.

"साहेब, सेटिंग मी बदललं. पयला पीस तपासला न्हाई. काल बोललो न्हाई, कारण भ्यालो. दोनशेच्या दोनशे माझे हायत." पोरं त्यांच्याकडं बघत होती आणि त्यांना कुणाकडं बघवेना.

"मुदतवाढीचं मग अवघड आहे, रंगराव," निरंजन म्हणाला आणि तनुजाला मशीनवर जायची खूण करून निघून गेला.

मास्तरांना वाटलं, पोर आता रडेल, नाहीतर मोठ्या मनानं जाऊ द्या म्हणेल. ती म्हणाली, "काल जेवतानासुद्धा मी माझ्या हाताकडंच बघत होते, मास्तर. म्हटलं, थरथरतो की काय."

यापेक्षा तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं त्यांना झालं.

त्यांनी मशीन लावलं, पहिला पीस काढला, गेज लावून तपासला आणि तिच्यापुढं धरला. "बरोबर हाय. घे, कर सुरू."

तनुजानं बटणाला हात लावला नाही. गेज मागून घेतला. पीस स्वतः लावून बघितला, खिडकीच्या उजेडात धरून पुन्हा बघितला. सगळ्यांदेखत. एकवीस वर्षांत मास्तरांचा पीस कुणी तपासला नव्हता. तिचं होईपर्यंत ते टोपी हातात घेऊन तिथंच उभे राहिले.