मागे कधी वळायचं

नसीम मॅडमची आणि माझी ओळख माझ्या कादंबरीच्या पहिल्या प्रकरणामुळे झाली. तेव्हा लिहून झालेलं ते एकच प्रकरण होतं. चिकलठाण्याच्या कारखान्यातून सुटलो की फुलंब्रीला घरी जाऊन मी तेच पुन्हा पुन्हा गिरवत बसे. शाळेतून निवृत्त झालेल्या मॅडम स्वतः कादंबरीकार, आणि रविवारी घरी नवोदितांचं लेखन ऐकतात, असं कळलं म्हणून मी ते घेऊन गेलो. त्यांनी शांतपणे ऐकलं, कागद मागून घेतले आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. "पुढचं लिहून आण बेटा. हे तवर माझ्याकडं राहू दे." मला चांगलाच राग आला.

पुढे कळलं, त्यांच्याकडे येणाऱ्या सगळ्यांचं असंच होतं. लिहिलेलं कपाटात जातं. एखादं वाक्य खटकतंय अशी कुरकुर केली, तर मॅडम म्हणतात, "खटकू दे. ते काय पळून जातंय व्हय?" माझी प्रकरणं अशी एकेक करून आत गेली. मग एका रविवारी, कादंबरीतली वहिनी करमाडची जमीन विकायच्या कागदावर सही करायला साफ नकार देते तो भाग मी वाचला, आणि मॅडमनी स्वतः उठून सगळा गठ्ठा माझ्या पुढ्यात ठेवला. "आता मागं जा. ही बाई इतकी खमकी, आन् तू तिला इथपत्तुर नुसता चहा करायला लावलास!" वाक्य चुकलं तर पुढे जायचं, माणूस चुकला तर मागे वळायचं, हे मी त्या दिवशी शिकलो. कादंबरी पूर्ण झाली आणि छापूनही आली.

माझी आई शहरात दवाखान्यात होती तेव्हा याच कडक मॅडम रोज डबा घेऊन येत. आईसाठी पातळ खिचडी, माझ्यासाठी खिचडीवर ओतायला वेगळा आंबट खट्टा. त्या दिवसांत लिखाणाबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. आई आजही विचारते, "तुझ्या बाई बऱ्या हायत ना?"

मॅडमच्या पंच्याहत्तरीच्या ज्या सोहळ्यासाठी हे लिहितोय, त्यात त्यांची नवी कादंबरी प्रकाशित व्हावी, ही आम्हा सगळ्यांची इच्छा होती. निम्म्याहून अधिक लिहून झाली होती. मागच्या महिन्यात त्यांनी मला बोलावून हस्तलिखित पुढे केलं. "वाच, आन् खरं सांग. पुढं जाऊ का मागं?" मी वाचलं. सुरुवातीचा हसरा, लाड करणारा बाप ताज्या प्रकरणात मुलीची शाळा बंद करतो. हा बाप खरा वाटत होता, आधीचा नाही. मॅडमचं वय, थकलेले डोळे, ठरलेला सोहळा, सगळं मला दिसत होतं. पुढे जा म्हणणं सोपं होतं. मी म्हणालो, "मागं जावं लागंल, मॅडम."

त्यांनी हस्तलिखित परत घेतलं. मग हसल्या. "मलाबी तेच वाटत व्हतं रे. कुणीतरी म्हणायला पायजे व्हतं."

त्यामुळे सोहळ्यात कादंबरी नसेल. गौरव समितीतली मंडळी माझ्यावर रागावली आहेत. "या वयात पुन्हा पहिल्यापासून?" असं विचारतात, आणि त्यांचं विचारणं रास्तच आहे. पण परवा गेलो तर मॅडम पहिलं पान नव्याने लिहीत होत्या, मला बस म्हणायचंही त्यांच्या ध्यानात नव्हतं. त्यांना इतकं रमलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मॅडमना उदंड आयुष्य आणि शाबूत नजर लाभो, अशी प्रार्थना इथे सगळेच करतील. त्यांना मागे पाठवणारा मी आहे, म्हणून माझी सगळ्यांत कळकळीची.