बुंदी आणि आयएसओ

सौसरला लग्नाचे फोटो काढणारा हा माणूस फ्लॅश कधी मारत नाही. "फ्लॅशनं माणूस चोरावानी दिसते," म्हणतो, आणि संध्याकाळच्या अंधुक मांडवात कॅमेऱ्याचा आयएसओ, म्हणजे कमी उजेडात टिपायची ताकद, चढवत नेतो. मग फोटोत रेती उडवल्यासारखे दाणे येतात. ते तो दुकानात बसून, खर्रा चघळत, कॉम्प्युटरवर एकेक चेहरा पाहून साफ करतो.

कोणाला किती साफ करायचं, हे जेवणाच्या पंगतीत ठरतं. मला ते रामाकोन्याला, चुलतबहिणीच्या लग्नात कळलं. "आधी पाहुणे बसू दे," म्हणून मी त्याला पंगतीतून उठवलं होतं. नंतर त्याच्या ताटात बुंदी वाढणारी मामी अल्बममध्ये लोण्यासारखी गुळगुळीत होती. शेजारी मी, गालभर रेती घेऊन.

मी दुकान गाठलं. माऊसवरचा हात न काढता तो म्हणाला, "तुमच्याकडं उजेडच कमी होता, भाऊ."

"मामी तं माह्या बाजूलेच उभी हाय."

"मामीचा उजेड अलग हाय."

तिगावच्या लग्नात मी पहिलं ताट त्याच्यापुढे ठेवलं आणि बुंदी दोनदा वाढली. तो हसला. "आता पाहा तुमचा फोटो. करूनच टाकतो बराबर."

त्यानं शब्द पाळला. सुरकुत्या गेल्या, हनुवटीवरचा व्रण गेला, अर्धी मिशीही गेली. आईनं अल्बम डोळ्यांजवळ धरून मलाच विचारलं, "हा कोनाचा पोरगा हाय गा?"