रामदासच्या नावाची मूठ

शहाण्णव सालचा श्रावण. कानबाई देवीच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्यासाठी, सुंदरा गहू निवडत होती. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात घ्यायचे, ही रीत तिने खान्देशातून सुरतेला आणलेली. नवऱ्याच्या, सुकलालच्या नावाचे घेऊन झाले. दिराच्या नावाने हात घातला तोच तो, रामदास, दारात उभा.

पांडेसऱ्यात कापड रंगवण्याच्या कारखान्यात तो कामाला. अठ्ठाविसाव्या वर्षीच माथा उघडा पडला होता. सोबतचे कामगार ‘टालियो’, म्हणजे टकल्या, म्हणून हाक मारत. रंगाच्या वाफेनेच केस जातात, असं तो धरून चालला होता. परवा डॉक्टरला डोकं दाखवून आला, आज पुन्हा बोलावलं होतं.

“काय म्हने डॉक्टर?”

“परवा त्यानं डोकं कमी बघितलं, पोट जास्त. बापाचे केस कधी गेले, विचारलं. म्हटलं, तिशीच्या आत. मग म्हने, बाप कशानं गेला?”

सुंदराचा हात थांबला. सासऱ्यांना साखर होती. पाय कापला, तरी वाचले नाहीत.

“इतक्या लवकर टक्कल, वर हे पोट, बापाला साखर. म्हने, रक्त तपासू. आज कागद आला. मलाही निघाली, वहिनी.”

“आन् केस?”

“तेच विचारलं मी. म्हने, केसांचं सांगत नाही, पाय सांभाळ. गोळ्या घे, रोज चाल, गोड बंद.” चिठ्ठी खिशात दुमडत तो कसनुसं हसला. “कानबाई होऊन जाऊ द्या. खीर-पुरणपोळी खातो, मग करतो गोळ्या सुरू.”

सासरेही असंच म्हणत. दिवाळी होऊ दे, मग पोरीचं लग्न होऊ दे. सात वर्षं झाली, त्यांच्या नावाची मूठ सुपात पडत नव्हती.

देवीच्या ताटातलं कुणाला नाकारणं सुंदराच्या जिवावर आलं. तिने देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले. मग रामदासचं नाव मोठ्याने घेऊन तिने भरगच्च सव्वा मूठ सुपात टाकली.

“प्रसादाचा एक घास देईन. तुमच्या वाटची खीर मी खाईन, कानबाईला मी सांगते काय सांगायचं ते. चिठ्ठी द्या इकडे.”

“सणाच्या तोंडावर कशाला, वहिनी...”

“द्या म्हटलं ना, भाऊजी!”

त्याने दिली. बाकीचे गहू तसेच झाकून, चपला पायात सरकवून, सुंदरा नाक्यावरच्या मेडिकलमधून साखरेवरच्या गोळ्या आणायला निघाली.