विमानाच्या दारात विहीर

माझ्या मित्राचा पाय माझ्या शब्दामुळे मोडला. ही गोष्ट मी बायकोलासुद्धा कधी सांगितलेली नाही. आता पन्नाशी ओलांडल्यावर लिहितो आहे. एवढ्या वर्षांनी काहून उकरून राहिला, असं कोणी म्हणालंच तर खुशाल म्हणावं. मी उकरणार.

कुरुंद्याकडच्या आमच्या शिवाराला लागून तांडा आहे. मित्र त्या तांड्यावरचा. पोहायला आमच्याच विहिरीवर यायचा. पहिल्यांदा काठावर उभा राहिला तेव्हा उडी घ्यायला धजत नव्हता. मीच त्याला शिकवलं. आधी खाली बघायचं, पाणी कुठं मोकळं आहे, कोण पोहतंय, दगड कुठं वर आलाय. मग गुडघे पोटाशी घेऊन मुटका मारायचा. चार दिवसांत तो माझ्यापेक्षा उंचावरून उडी घ्यायला लागला. उडीच्या बाबतीत त्याचा माझ्यावरचा विश्वास तेव्हापासूनचा.

एकाच भरतीत दोघं फौजेत लागलो आणि दोघांनीही पॅराशूटच्या कोर्सला नाव दिलं. तिथल्या उस्तादांनी आधी जमिनीवरच्या लाकडी दारातून आमच्याकडून उड्यांवर उड्या मारून घेतल्या. दारात नजर समोर, आभाळ जमिनीला टेकतं तिथं. जोर लावून बाहेर झेपावायचं. बाहेर पडताक्षणी हनुवटी छातीला, कोपरं अंगाला, हात पोटावरच्या राखीव छत्रीवर, पाय आणि गुडघे एकमेकांना चिकटलेले. मग एकेक सेकंद मोजायचा, एक हजार, दोन हजार. विमानातल्या तारेला अडकवलेली दोरी मोठी छत्री आपोआप उघडते, आपण फक्त अंग सरळ ठेवायचं. अंग वेडंवाकडं गेलं की ते गरगरतं आणि छत्रीच्या दोऱ्यांना पीळ बसतो.

लाकडी दारात मित्राला सगळं बराबर जमायचं. पण पहिल्या खऱ्या उडीच्या सकाळी, पाठीवर छत्री बांधून धावपट्टीच्या कडेला बसलो होतो, तेव्हा त्याचा धीर पुन्हा सुटला. होत न्हाई रे, म्हणाला. उस्ताद दहा पावलांवर उभे होते. त्यांना हाक मारायची सोडून मीच शहाणपण केलं.

"दार म्हंजे आपली विहीर समज. खाली बघ, पाय आवळ, मार मुटका."

त्याचा चेहरा मोकळा झाला. विमानात तो माझ्या पुढं होता. हिरवा दिवा लागला. दारात त्यानं खाली बघितलं, गुडघे पोटाशी घेतले आणि गेला, आमच्या विहिरीत जायचा अगदी तसा. त्याच्या मागोमाग मी गेलो, पण नजर समोर ठेवून, पाय जुळवून, उस्तादांनी शिकवलं होतं तसा. त्याला मुटका सांगणाऱ्यानं स्वतः मुटका मारला नाही. वाचणाऱ्यानं हे नीट वाचावं.

त्याच्या छत्रीच्या दोऱ्यांना पीळ बसला, तो सोडवतानाच जमीन आली. तो एका पायावर आदळला. दवाखान्यात साहेबांनी त्याला विचारलं, ऐसा कूदना किसने सिखाया? मी खाटेच्या उशाशी उभा होतो. "किसीने नहीं, साहब," तो म्हणाला. माझ्याकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. मी तोंड उघडलं असतं तर कोर्समधून माझं नाव कटलं असतं. मी उघडलं नाही.

तो लंगडत तांड्यावर परतला. मी छातीवर पंखांचा बिल्ला लावून गावात आलो. तांड्यावरचं पोरगं दारात घाबरलं, ही गोष्ट गावानं आपणहून तयार केली होती. पारावर लोक मला विचारायचे, खरं का रे फौजी? मी नुसता हसायचो. तेवढी साक्ष गावाला पुरली.

यंदा त्याचा फोन आला. त्याची पोरगी वसमतला कॉलेजात शिकते. विमानातून उडी मारायच्या शिबिरात तिचं नाव लागलं होतं.

"पोरगी धाडून राहिलो, फौजी. तिला विहीर शिकवू नको म्हंजे झालं."

आणि तो हसला. त्या उडीबद्दल इतक्या वर्षांत तो माझ्याशी बोललेला हा पहिला शब्द.

पोरगी आली. नांगरलेल्या वावरात मी ट्रॅक्टरची ट्रॉली उभी केली, तिला वर चढवलं आणि सुरू झालो. हनुवटी छातीला, कोपरं आत, पाय चिकटव. ती जरा वेळ ऐकत राहिली, मग म्हणाली, काका, आमाला तर उलटं सांगितलंय. तिनं फोनवर चित्र दाखवलं. पहिल्यांदा उडी घेणाऱ्यांना त्यांच्याकडं हनुवटी वर, हात पसरलेले, पोट पुढं आणि पाठीची कमान करायला लावतात. फौजेची उडी वेगळी, ही वेगळी, आणि मला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याच घरातल्या माणसाला मी दुसऱ्यांदा चुकीचं शिकवायला निघालो होतो.

मी तिला म्हणालो, मला हे येत न्हाई बाई, तिथले उस्ताद सांगतील तेच कर, माझं एकही ऐकू नको.

ती ट्रॉलीच्या फळीवर बसली. पाय हलवत राहिली.

"बाबा दारात घाबरले होते का?"

"न्हाई."

"मग लोक काहून म्हणतात?"

"मी कधी खोडलं न्हाई म्हणून."

"तुमी तिथंच होते ना, काका?"

"व्हय."

पुढं तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

ती उडी मारून आली. कमान झकास झाली म्हणे. आता गावाला माझा सत्कार करायचा आहे, फौजीनं शिकवली म्हणून पोरगी उडाली, नाहीतर बाप बघा कसा दारात घाबरला होता. निरोप घेऊन आले त्यांना मी हात जोडून परत पाठवलं. मला चढेल म्हणाले. म्हणोत. तिला मी काही शिकवलं नाही, आणि तिच्या बापाला जे शिकवलं ते वर लिहिलं आहे. उडी मारल्याची मला लाज नाही, पंखही मी कमावलेलेच आहेत. पण हार घालून घेणार नाही. खरं कळलं की शेजारीपाजारी तोंड फिरवतील, भाऊबंद म्हणतील घराण्याचं नाव घालवलं. घालवलं तर घालवलं.

दारात तो घाबरला नव्हता, त्यानं माझं ऐकलं होतं. हे तांड्यावर आणि आमच्या पारावर, तो समोर बसलेला असताना, माझ्या तोंडानं सांगायचं, एवढं देणं मी त्याला लागतो. ते अजून दिलेलं नाही.